बट नंबर ४७

देवपूर, धुळे
६ ऑक्टोबर २०२५

भूपेंद्र,

'प्रिय' लिहिणार होतो, पण तू म्हणशील भाऊ खोटं लिहितो. खोटं मी लिहीत नाही आणि बोलतही नाही, हे दसऱ्याला सगळ्या गावाने पाहिलं.

तू माझा फोन ब्लॉक केलास. हरकत नाही. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही, म्हणून हे पत्र.

तुझा राग मला कळतच नाही. मला बोलावलं कोणी? तूच ना? "भाऊ, स्मारकाच्या काचपेटीत काकांची रायफल ठेवायची आहे. तू चोवीस वर्षं फौजेत रायफली उघडल्यास, तुझ्याइतकं कोणाला कळतं? तेवढी तपासून एक कागद लिहून दे, हीच ती रायफल म्हणून." फोनवर केवढा गोडवा! एरवी वर्षभर भाऊ मेला की जगला याची चौकशी नाही. कामापुरता मामा. तरी मी आलो. स्वतःच्या खर्चाने आलो, गणवेशाच्या काळातली माझी अवजारांची पेटी घेऊन आलो.

आल्यावर काय पाहिलं? शाळेच्या ओट्यावर काकू बसलेली, मांडीवर ती रायफल, आणि तांब्याने तिला अंघोळ चाललेली. आधी पाणी, मग दूध, मग पुन्हा पाणी, वर हळदकुंकू, झेंडूची माळ. एकोणीसशे बहात्तरला फौजेने ती गावाला दिली, नळी वेल्डिंगने बंद करून आणि आतली पिन कापून. तेव्हापासून दर दसऱ्याला हेच. अरे, लोखंड आहे ते! देवघरातला बाळकृष्ण नाही. फौजेत कोणी रायफलवर पाणी सांडलं तर आम्ही त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावायचो. आणि इथे त्रेपन्न वर्षं पंचामृत. हळद बोल्टच्या, म्हणजे गोळी आत सरकवणाऱ्या दांड्याच्या, खाचेत जाऊन दगड झालीय.

मी चादर अंथरून एकेक भाग काढून मांडला. सगळे वाकून पाहत होते. तू माझ्या डोक्यावर छत्री धरली होतीस, हे पण आठवतं. मी जे सांगितलं ते पुन्हा लिहून देतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको.

एक. अशा रायफलचा नंबर कारखान्यातच चार जागी ठोकतात. बॉडीवर, बोल्टच्या दांडीमागे, मागच्या नेमाच्या पट्टीखाली आणि नळीच्या तोंडावरच्या टोपीवर. फौजेच्या पत्रात पुना काकाच्या रायफलचा नंबर आहे ५१८६. या बोल्टवर भलताच नंबर आहे.

दोन. बॉडी त्रेचाळीस सालची. तेव्हाचं बट, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता, गडद अक्रोडाचं असायचं. हे बट फिकट लाकडाचं, नंतरचं, दुसऱ्याच कुठल्या तरी रायफलचं.

तीन. बट नंबर. तो पलटण बटावर टाकते, आणि फौजेत प्रत्येक जवानाला आपल्या रायफलचा बट नंबर पाठ असतो, झोपेतून उठवून विचारला तरी सांगतो. काकाचा होता ४७. काकूला लिहिता-वाचता येत नाही, पण ४७ हा आकडा तिला ओळखता येतो. बटावर पिवळ्या रंगात तो होताही. मी नखाने खरवडला. बाजारात मिळणारा ऑइलपेंट, दुसरं काही नाही. खाली कोरलेला निघाला ११२.

यात एक अक्षर तरी खोटं आहे का? हातच्या काकणाला आरसा कशाला? तू स्वतः वाकून ११२ वाचलास, तुझ्या हातातली छत्री खाली गेली.

मग मी काकूला म्हणालो, "काकू, इतकी वर्षं परक्याच्या बंदुकीला न्हाऊ घातलंस." हे वाक्य तुला लागलं. पण खरं बोलल्यावर लागतंच. ती एवढंच म्हणाली, "मंग हाई कोनी शे, गिरधर?"

मी म्हणालो, मला काय माहीत. कोणाची तरी असेल.

तिने तांब्या खाली ठेवला आणि घरी गेली. तुम्ही सगळे माझ्याकडे असे बघायला लागलात की जणू काकाला मीच मारलं. जेवायला कोणी थांब म्हणालं नाही. मी साक्रीच्या स्टँडवर वडापाव खाल्ला. दसऱ्याच्या दिवशी.

गिरधर

देवपूर, धुळे
२४ ऑक्टोबर २०२५

भूपेंद्र,

काल भाऊबीजेला तुझी पुनम येऊन गेली. फराळाचा डबा आणला होता. पोरगी गुणी आहे, तुझ्यावर गेली नाही. चहा घेतला, माझ्या पाया पडली आणि मग हळूच म्हणाली, "मोठे बाबा, एकदा गावी चला ना. आजीला सांगा की तपासताना चूक झाली."

माझी चूक झाली म्हणून सांगा! चोवीस वर्षांत माझ्या हातून दुरुस्त होऊन गेलेलं एक हत्यार परत आलं नाही, आणि या वयात मी एका अडाणी म्हातारीसमोर चूक कबूल करू?

ती म्हणाली, आजी दसऱ्यापासून जेवत नाही. नुसता चहा, कधी चार घास भात. भिंतीकडे तोंड करून बसते. कोणी गेलं की विचारते, "मंग तो कोठे शे?" काकाला तिकडे सीमेवरच अग्नी दिला, इकडे राखसुद्धा आली नाही. तिच्याकडे त्याचं म्हणून जे होतं ते ही रायफल. हे सगळं पुनमने मला समजावून सांगितलं, जसं काही मला ठाऊकच नाही. अगं, म्हटलं, पासष्ट साली तार आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तार वाचणाऱ्या मास्तरांना घरी घेऊन आलो तो मीच. तुझा बाप तेव्हा पाच वर्षांचा, अंगणात गोट्या खेळत होता.

आई तुझ्या बाळंतपणात गेली. आपल्या दोघांना काकूने वाढवलं. एकाच ताटात जेवलो. "ये डिकरा, जेवी ले," म्हणून ती मला आधी हाक मारायची, तुला नंतर. हे तुला आठवत नसेल. मला आठवतं.

आणि मग अडुसष्ट साल. तिला दत्तक घ्यायचं होतं. मी अकरा वर्षांचा, तू आठ. भटजी म्हणाले, थोरला देत नाहीत, धाकटा द्या. बस, एवढ्यावर ठरलं. तिने एकदा तरी म्हणायचं होतं की मला गिरधर पाहिजे. नाही म्हणाली. तुला नवी टोपी, पाटावर बसवलेलं, तिच्या मांडीवर. मी अंगणात उन्हात पेढ्यांचं ताट धरून तासभर उभा. त्या दिवसापासून ती तुझी आई झाली आणि माझी काकूच राहिली. पंधरा ऑगस्टला हार तुला. सव्वीस जानेवारीला पहिली खुर्ची तुला, हुतात्म्याचा मुलगा म्हणून. मी चोवीस वर्षं फौजेत घासलो, मला गावाने नारळसुद्धा दिला नाही.

तुला रायफलच्या नंबराचं फार लागलं ना? मग ऐक. तुझ्यावर कुठे आहे पुना काकाचा नंबर? तू सुपडू पाटलाचा. मागून बसवलेला. वरून रंग मारून ४७ लिहिलेला. नखाने खरवडलं की खाली आपलाच बाप निघतो.

वाच हे दोनदा. राग आला तर येऊ दे, मलाही सत्तावन्न वर्षं येतोय.

पुनमला म्हणावं, शेव फार छान झाली होती. काकूला मी काही सांगणार नाही. पुन्हा पोरीला पाठवू नकोस.

गिरधर

देवपूर, धुळे
५ नोव्हेंबर २०२५

भूपेंद्र,

तुझं रजिस्टर पत्र मिळालं. सही करून घेतलं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीच्या पायासारखं.

तर पुनमने शाळेच्या रौप्यमहोत्सवाच्या अंकातला फोटो शोधला म्हणतोस. एकोणनव्वद सालचा. काकू खुर्चीत, रायफल गुडघ्याला टेकवलेली, आणि बट गडद काळपट, खालच्या कोपऱ्याला नखाएवढा टवका गेलेला. आणि आताच्या बटाला टवका नाही. पोरगी हुशार आहे हे मी मागेच लिहिलं होतं.

आणि तू विचारतोस, "भाऊ, चौऱ्याण्णव साली तू सुटीवर आला होतास, हेडमास्तरांची सही घेऊन रायफल दुरुस्तीला म्हणून अकरा दिवस नेली होतीस, तेव्हा काय झालं?"

हो, नेली होती. का नेली ते पण सांग ना लोकांना! काकूच्या अंघोळींनी बोल्ट गंजून जाम झाला होता. हातोडीने ठोकलं तरी हलत नव्हता. तूच आला होतास माझ्याकडे, "भाऊ, आई रडते, तिला वाटतं काकांना गंज चढला." मी रॉकेलमध्ये तीन दिवस बुडवून तो काढला. काढल्यावर लक्षात आलं की आता तो परत नीट बसणार नाही. परेडला वापरून भंगारात निघालेल्या एका रायफलचा बोल्ट माझ्याकडे होता, तो बसवला. फौजेत हत्यारं दुरुस्त करणारा कोणीही आर्मरर हेच करतो. यात माझं काय चुकलं?

बटाचं विचारतोस. बटाला वाळवी लागली होती.

नाही. हे खोडतो. मी खोटं लिहीत नाही म्हणालो होतो. बटाला काही झालं नव्हतं. टवका होता तेवढाच. बट मी बदललं, कारण मला ते हवं होतं. भंगारातलं फिकं बट बसवलं आणि त्यावर पिवळ्या ऑइलपेंटने ४७ लिहिला. ब्रश नव्हता, काडीला कापूस गुंडाळून लिहिला. सात जरा वाकडा आला होता. इतक्या वर्षांत तुम्हाला कोणाला दिसलं नाही. काकू मात्र त्या आकड्यावरून दर दसऱ्याला बोट फिरवायची, मी पाहिलंय.

का हवं होतं, हे विचारू नकोस. चोराच्या मनात चांदणं म्हणशील, म्हण. तुला काकू मिळाली. मी एक लाकूड घेतलं.

आणि दसऱ्याला खरवडला तो रंग माझाच होता, हे मला खरवडताना माहीत होतं. हेच तुला ऐकायचं होतं ना?

गिरधर

देवपूर, धुळे
१४ नोव्हेंबर २०२५

भूपेंद्र,

या वेळी पत्रात शिव्या नाहीत. नुसतं 'भाऊ, हात जोडतो.' तुझे हात जोडलेले पाहायला साठ वर्षं थांबलो, आणि आले ते कागदावर.

काकू आता उठत नाही म्हणतोस. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, मन घेत नाही. तू तिला सगळं सांगितलंस, बट भावाने बदललं, बोल्ट बदलला, पण ती ऐकत नाही. म्हणते, "गिरधरले कळस. गिरधर सांगी ते खरं." बघ. दत्तक तुला घेतलं आणि विश्वास माझ्यावर. तुझ्या सांगण्याने ती घास खाणार नाही, माझ्या सांगण्याने खाईल.

तर आता मी एक गोष्ट सांगतो, जी दसऱ्याला सांगितली नाही. रायफल म्हणजे बॉडी. बोल्ट झिजतो, बट फुटतं, भाग बदलत राहतात, पण रायफल बॉडीवरून ओळखली जाते. आमच्या ट्रेडमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. आणि त्या बॉडीवर नंबर आहे ५१८६. नेमाच्या पट्टीखाली ५१८६. तोंडावरच्या टोपीवर ५१८६. चारपैकी तीन जागी जुळतो. चौथा मीच काढलेला. मी त्या दिवशी चादरीवर तिन्ही भाग पालथे ठेवले होते.

ती रायफल पुना काकाचीच आहे. पहिल्यापासून. मला आधीही माहीत होतं आणि तू छत्री धरून उभा होतास तेव्हाही माहीत होतं.

मी दसऱ्याला एक अक्षर खोटं बोललो नाही. फक्त तीन अक्षरं गिळली.

मी येतो. मूळ बोल्ट आणि मूळ बट घेऊन येतो, काकूच्या मांडीवर ठेवतो, माझ्या तोंडाने सांगतो. पण फुकट नाही.

स्मारकाच्या पाटीवर तू काय कोरून घेतोयस ते मला कळलंय. 'हुतात्मा पुना दौलत पाटील, वीरपत्नी झुंबरबाई, दत्तक पुत्र भूपेंद्र.' त्याखाली माझं नाव पाहिजे. 'पुतण्या गिरधर सुपडू पाटील.' बाप आपल्या दोघांचा एकच होता, त्याचंही नाव कुठेतरी येऊ दे. आणि दुसरं, मला न्यायला तू स्वतः यायचं. पुनमला पाठवायचं नाही, गाडी पाठवायची नाही. माझ्या दारात उभं राहून मला हाक मारायची, गल्लीतल्यांना ऐकू जाईल अशी.

मंगळवारी, अठरा तारखेला, सकाळी अकरा वाजता. मान्य असेल तर ये. नसेल तर तुझी आई, तू बघ.

गिरधर

देवपूर, धुळे
२९ नोव्हेंबर २०२५

भूपेंद्र,

कार्ड मिळालं. उद्या काकूचं उत्तरकार्य व गंधमुक्ती. खाली तुझं नाव, सूनबाईंचं, पुनमचं, नवल आणि ज्योती ही तुझ्या सासरवाडीची माणसंसुद्धा. माझं नाव नाही. छापखान्याची चूक असेल म्हणून मी दोनदा पाहिलं.

मागे पुनमच्या अक्षरात एक ओळ आहे. "आजी मंगळवारी सकाळपासून एकच विचारत होती, गिरधर वना का." मी आलो का, एवढंच.

तर मंगळवारचं लिहितो. तुला वाटतंय मी घरी नव्हतो. तू शेजारच्या लताबाईंनाही विचारलंस, त्या म्हणाल्या बाहेर गेले असतील.

मी घरात होतो. पुढच्याच खोलीत, खुर्चीवर, तुझ्यापासून सहा पावलांवर. इस्त्रीचा शर्ट घातला होता. बोल्ट आणि बट टॉवेलात गुंडाळून मांडीवर. तू अकराला पाच कमी असताना आलास, गाडी सावलीत लावलीस, पायातल्या चपला काढल्यास. खिडकीच्या फटीतून सगळं दिसत होतं. बेल वाजवलीस. हाक मारलीस, "भाऊ!" मी म्हटलं, अजून एकदा मारू दे. पुन्हा मारलीस. गल्लीतली दोन दारं उघडली. मी म्हटलं, उभा राहा जरा. मी उभा होतो अंगणात ताट धरून, एक तास, ऊन होतं, तू पाटावर होतास. तू पण राहा एक तास. मी घड्याळ समोर ठेवलं होतं. बारा वाजता दार उघडायचं हे ठरवलेलं होतं. खरंच ठरवलेलं होतं.

बेल तू चारदा वाजवलीस. अकरा चाळीसला तुझा फोन वाजला. तू फोन कानाला लावलास. मग खाली बसलास, माझ्या पायरीवर, आणि तुझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून मला कळलं. चपला तशाच राहिल्या, तू अनवाणी गाडीवर बसून गेलास. चपला माझ्याकडे आहेत.

वीस मिनिटं उरली होती, भूपेंद्र.

आता तुला शेवटचं सांगतो. हे कोणालाच माहीत नाही.

त्या बटामागे पितळी पट्टी असते, तिला छोटं झाकण. आत पोकळीत तेलाची कुपी आणि पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी. दोरीच्या फासात कापड अडकवून ओढायचं, त्या कापडाला फौजेत चिंदी म्हणतात. चौऱ्याण्णव साली मी ते झाकण उघडलं. दोरीच्या फासात चिंदी होती. सरकारी पांढरं कापड नव्हतं. हिरवी होती, लाल काठाची, तेलाने काळी पडलेली.

तू लहान होतास, तुला आठवणार नाही. पासष्टच्या उन्हाळ्यात काका शेवटचा सुटीवर आला होता. निघताना पिशवी भरत होता, काकू दारात उभी. त्याने हसत हसत तिच्या पदराचा कोपरा धरला आणि टर्रकन फाडला. "चिंदी कमी पडते आम्हाला," म्हणाला. आणि ती ओरडली, "फाडी टाकं माय, मन्हं नवं लुगडं!" ओरडली आणि हसली. तिला तसं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. हिरवं लुगडं, लाल काठ. ते लुगडं तिने पुढे कधी नेसलं नाही आणि कोणाला दिलंही नाही.

म्हणून मी बट घेतलं. ती चिंदी तिला नेऊन दिली असती तर तिने ती तुझ्या हातात दिली असती, जपून ठेव म्हणून. मला ते सहन होणार नव्हतं. एकतीस वर्षं ती माझ्या कपाटात आहे. मंगळवारी ती माझ्या शर्टाच्या खिशात होती. तिच्या मुठीत ठेवणार होतो.

हे तुला सांगायची गरज नव्हती. न सांगता राहवलं नाही, आणि सांगून बरंही वाटलं नाही. मी उद्या येणार नाही. बोलावणं नाही.

बोल्ट आणि बट पार्सल करतोय. चिंदी नाही.

गिरधर

देवपूर, धुळे
२७ जानेवारी २०२६

भूपेंद्र,

पार्सल डिसेंबरात परत आलं. वर शेरा, 'घेण्यास नकार.' खाली तुझी सही. फेकून दिलं असतंस तरी चाललं असतं.

काल मी आलो होतो. तू पाहिलंस की नाही ठाऊक नाही. झेंडावंदन झाल्यावर मागच्या रांगेतून स्मारकात गेलो. काचपेटी चांगली केलीय. कोरडी आहे, रायफलला आता गंज चढणार नाही. बोल्ट तोच भंगारातला, बट तेच फिकं. ४७ चा अर्धा उरलेला रंग तसाच ठेवलाय, खाली ११२ दिसतोय.

काळ्या दगडाची पाटी वाचायला पुढे गेलो. तुझ्या नावाची ओळ शोधत होतो, ती नव्हतीच. तू स्वतःचंही नाव काढून टाकलंस. माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन उभी राहिली. कोणीतरी तिला भिकुबाई म्हणून हाक मारली. शेजारच्या गावची असावी, मला ओळखत नव्हती. मोतीबिंदूचा चष्मा. माझी बाही धरून म्हणाली, "काय लिखेल शे, बाबा? माले वाची दाखाड."

मी वाचलं. "हुतात्मा शिपाई पुना दौलत पाटील यांची रायफल, नंबर ५१८६, बट नंबर ४७." तिने हात जोडले. पुढची ओळ वाचली. "वीरपत्नी झुंबरबाई यांनी त्रेपन्न वर्षं या रायफलची पूजा केली." तिने डोळे पुसले. म्हणाली, "आखो काय शे?"

मी म्हणालो, बस, एवढंच.

तेव्हा मागून पुनमचा आवाज आला. ती केव्हा येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिने तिसरी ओळ मोठ्याने वाचली, शाळेत पोरांना वाचून दाखवतात तशी, एकेक शब्द सुटा करून.

"मूळ बोल्ट व मूळ बट एकोणीसशे चौऱ्याण्णव साली पुतण्या गिरधर सुपडू पाटील यांनी काढून नेले."

मी नोव्हेंबरात मागितलं होतं अगदी तसंच, 'पुतण्या' धरून, बापाच्या नावासकट. मी पुन्हा पाटीकडे पाहिलं. सवय जात नाही. साल बरोबर, नाव बरोबर, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. दगडात कोरलंय, नखाने निघणार नाही.

भिकुबाईने माझी बाही सोडली नव्हती. तिने मलाच विचारलं, "कोन शे हाऊ गिरधर?"

पुनम माझ्याकडे बघत होती. "सांगा ना, मोठे बाबा," म्हणाली.

मी म्हणालो, माझी साडेबाराची एस.टी. आहे. आणि निघालो.

तुझ्या चपला शाळेच्या ओट्यावर ठेवून आलोय. पॉलिश केल्या आहेत.

गिरधर सुपडू पाटील